दोन फळ्यांचं मचाण

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

ही गोष्ट माझ्या हेल्वीमावशीची. शेवटचा थोडा भाग माझा आहे, आणि तो मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही.

साल चौऱ्याण्णव. नोव्हेंबरातला तो शनिवार, ज्या दिवशी हरणांची शिकार खुली होते. विस्कॉन्सिनच्या अगदी वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या अलीकडे आमच्या लोकांचं जंगल आहे. आमचे आजे-पणजे फिनलंडहून आले आणि तिथेच रुतले. त्या जंगलात हे घडलं.

भुतंखेतं रात्री दिसतात म्हणतात. हे भर दिवसा घडलं. बर्फावर स्वच्छ ऊन पडलेलं असताना.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

मावशीचा नवरा वैकोकाका त्याच वर्षी मार्चमध्ये गेला. स्वयंपाकघरात बूट चढवता चढवता खुर्चीवरून खाली आला आणि संपला. एक शब्दही न बोलता.

त्यात नवल काहीच नव्हतं. काका आयुष्यभर बोललाच नव्हता. आमची माणसं मुळात कमी बोलतात, पण काका त्यांच्यातही वरचढ. "मीठ." "दार लाव." "बर्फ पडणार." झाला दिवस. मावशी एकदा माझ्या आईला म्हणाली होती, "लग्नात पाद्र्यासमोर 'हो' म्हणाला ना, त्यातच त्याचे वर्षभराचे शब्द खर्ची पडले." आई खूप हसली होती. मावशी नव्हती हसली.

त्यांना मूल नव्हतं.

म्हणजे... एक मुलगी झाली होती. जन्मली तीच गेलेली. काकाने तिला स्वतःच्या हाताने पुरलं, घरी आला, हात धुतले आणि जेवायला बसला. त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. मावशीने कधी विषय काढला की तो उठून लाकडं फोडायला जायचा.

पण हरणांच्या बाबतीत काकाचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

लोकांना वाटतं शिकार म्हणजे नेम. नेम काय, कुणालाही शिकवता येतो. खरी गोष्ट असते मचाणाची जागा. ती चुकली की दिवसभर कुडकुडत बसा, एक शेपूटही दिसत नाही. काका वसंतातच जंगलात शिरायचा, बर्फ विरघळत असताना. तेव्हा हरणांच्या वाटा चिखलात उघड्या पडलेल्या असतात. कुठल्या झाडाची साल नराने शिंगं घासून सोलली आहे, कळप दिवसा कुठे झोपतो, चरायला कुठून निघतो, वारा कुठून वाहतो, हे सगळं तो बघायचा. मग एका झाडावर तळहात ठेवायचा.

"इथे."

शिकारीच्या दिवसांत आमची माणसं जंगलातल्या एका लाकडी घरात मिळून राहतात, त्याला कॅम्प म्हणतात; त्या कॅम्पावरच्या प्रत्येकाचं मचाण काकानेच असं ठरवून दिलेलं. आणि दरवर्षी सगळ्यात मोठा नर मात्र तो स्वतः आणायचा. ओढ्याच्या वळणावरचं त्याचं मचाण आमच्या भागात नावाजलेलं होतं.

मावशीला त्याने कधी जागा दिली नाही.

तिचा नेम आमच्या घराण्यात सगळ्यात चांगला. माझ्या आजोबांनी तिला लहानपणापासून सोबत नेऊन तयार केलेलं. लग्न झाल्यापासून ती काकाला म्हणायची, मलाही एक जागा बघून दे. काका म्हणायचा, "पुढल्या वर्षी बघतो." असं म्हणता म्हणता तीस-बत्तीस वर्षं गेली. ती कॅम्पावर जायची ती चुलीपुढे उभी राहायला. मटारचं दाट सूप, मांस-बटाटा भरलेल्या मोठाल्या करंज्या, वेलदोड्याचा पाव. पुरुष खायचे, ढेकर द्यायचे आणि कुणाला कुठून काय दिसलं त्याच्या गप्पा मारायचे.

आता आमच्या कॅम्पाची एक रीत सांगते. माणूस गेला की त्या वर्षी पहिल्या दिवशी त्याच्या मचाणावर त्याच्या घरचं माणूस बसतं. उजाडायच्या आत चढायचं, अंधार पडेपर्यंत खाली पाय ठेवायचा नाही. एवढं केलं की जागा त्या घराची. कुणी बसलं नाही, किंवा मध्येच उतरलं, तर जो मागेल त्याची.

मागणारा तयारच होता. ताउनो, काकाचा धाकटा भाऊ.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, घाम काढून लालबुंद होऊन जेवायला बसले. ताउनोने पाव मोडला आणि सहज बोलल्यासारखा बोलला.

"उद्यापासून ओढ्याचं मचाण मी घेतो."

"कुणी दिलं?" मावशी सूप वाढत होती.

"द्यायचं काय त्यात? तुमच्या घरात बसणारं आहे कोण?"

"मी आहे."

चमचे थांबले. एमिल म्हणून कॅम्पावरचा सगळ्यात जुना म्हातारा होता. तो मान वर न करता म्हणाला, "ताउनो, सूप खाऊन घे रे पोटभर. उद्याचं तुलाच करायचंय असं दिसतंय."

सगळे हसले. ताउनोचे कान लाल झाले.

"दिवसभर बसायचं असतं, हेल्वी. या थंडीत. लघवीला उतरलीस तरी गेली जागा."

"तू एवढी वर्षं बसतोयस. काय आणलंस? सर्दी."

"आणणार कुठून? मला दिलाय दगडांचा ढीग. चांगली जागा स्वतःला ठेवली, सख्ख्या भावाने." त्याचा आवाज खरोखर कापायला लागला होता. "माझ्या मचाणावरून त्याचा नारिंगी कोट दिसायचा मला. दिवसभर. हलायचा पण नाही गडी. मी त्याच्याकडे बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, झालं, आजही हाच आणणार."

"मग उद्या माझा कोट बघत बस," मावशी म्हणाली आणि त्याच्या वाडग्यात सूप ओतलं.

तिला हरीण नको होतं. घरात दोन माणसांचं मांस एकट्या माणसाला खायला पडलं होतं. तिला ती जागा हवी होती. काकाचं तिच्याकडे दुसरं उरलंच काय होतं? ना बोलणं, ना पत्र, ना मूल. तिला वाटायचं, हा माणूस घरात बोलला नाही, पण वर्षानुवर्षं त्या एका झाडावर बसून काहीतरी बघत होता. तिथे दिवसभर बसलं तर तो काय बघत होता तेवढं तरी कळेल. ती जागा ताउनोच्या हाती गेली असती तर काका तिच्यासाठी दुसऱ्यांदा मेला असता.

पहाटे ती एकटी निघाली. बर्फ कोरडा होता, पायाखाली चर्र... चर्र... वाजणारा.

शिडी चढून ती फळीवर बसली. बंदूक मांडीवर घेतली. अजून काळोखच होता. ओढा गोठलेला, वारा मंद, सगळीकडे सामसूम.

आणि मग...

चर्र... चर्र... चर्र...

कॅम्पाच्या बाजूने कुणीतरी येत होतं.

जड पावलं. डावा पाय किंचित ओढत चालणारी.

मावशीला आधी रागच आला. ताउनो. मला उतरवायला आला असणार.

"ताउनो, उगाच आलास. मी उतरणार नाही," ती हळूच म्हणाली.

पावलं झाडाखाली थांबली.

मग शिडीची सर्वांत खालची पायरी कुरकुरली.

मग तिच्या वरची.

मावशी वाकून बघत होती. आता एवढं फटफटलं होतं की शिडी दिसत होती. शिडीवर कुणी नव्हतं. खाली बर्फात एकाच माणसाची पावलं उमटलेली होती. तिची.

कुरकुर तिच्या गुडघ्यांपर्यंत आली. तिला तंबाखूचा वास आला. ओठाखाली धरायची ती ओली तंबाखू... जिचे डाग तिने आयुष्यभर उशीच्या अभ्र्यांवरून धुतले होते.

तिच्या कानाजवळ, खोडापाशी, जाड कापड सरसरलं. कुणीतरी काहीतरी अडकवत असल्यासारखं.

मग शिडी पुन्हा कुरकुरली. खाली, खाली. आणि पावलं निघाली. कॅम्पाकडे नव्हेत... ओढा ओलांडून, पलीकडच्या सीडरच्या दलदलीकडे.

चर्र... चर्र...

मग काहीच नाही.

मावशी म्हणते, तिला भीती वाटली नाही. तिला वाईट वाटलं. तो तिच्या इतक्या जवळ आला होता आणि ती तिथे आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. अगदी घरातल्यासारखं.

हळूहळू उजाडलं. आणि मावशीने पहिल्यांदा ती नावाजलेली जागा नीट बघितली.

तिचा विश्वास बसेना.

वारा पाठीवर होता. म्हणजे तिचा वास थेट दलदलीत जात होता, जिथून हरणं यायला हवीत तिथेच. ऊन वर आलं ते सरळ डोळ्यांत. समोर झुडपांची गच्च भिंत. हरणांची जुनी वाट होती, पण तीवर गवत माजून वर्षं लोटलेली. एक लेंडी नाही, एक सोललेलं खोड नाही. माझ्या आजोबांनी शेळ्या बांधायलासुद्धा ही जागा निवडली नसती.

मग काका इथून दरवर्षी नर कसा आणायचा?

तिने बसायच्या फळीवरचा बर्फ हाताने झाडला. फळी खरखरीत होती. करवतीच्या खुणासुद्धा अजून शाबूत. तीस-पस्तीस वर्षं ज्या फळीवर माणूस बसला, ती अशी नसते.

मग तिने खोडाकडे बघितलं. कानाजवळ, जिथे ते कापड सरसरलं होतं तिथे.

एक मोठा खिळा होता. गंजलेला. त्याच्या मुळाशी धागे अडकले होते.

नारिंगी.

बंदूकवाल्यांनी जंगलभर हिंडताना माणसाला हरीण समजू नये म्हणून आम्ही सगळे नारिंगी कोट घालतो. सक्तीच आहे ती. कोट काढून पहिल्या दिवशी जंगलात फिरणारा माणूस स्वतःच्या जिवावर उदार झालेला असतो. वैकोकाका दरवर्षी पहाटे इथे यायचा, कोट खिळ्याला अडकवायचा आणि निघून जायचा. लांबून ताउनो दिवसभर त्या कोटाकडे बघत झुरत बसायचा.

कुठे जायचा तो?

मावशी बराच वेळ बसून राहिली. उतरलं तर जागा गेली, हे तिला पक्कं माहीत होतं. पण जागा होतीच कुठे? एक खिळा होता.

तिने आपला नारिंगी कोट काढला. त्याच खिळ्याला अडकवला. करड्या लोकरीच्या स्वेटरवर, बंदूक पाठीला लावून, ती खाली उतरली. तिचा रंग आता हुबेहूब हरणासारखा होता. लांब कुठेतरी गोळी सुटली तेव्हा ती बर्फात बसली. थोड्या वेळाने उठली आणि पुन्हा चालू लागली.

ओढ्यापलीकडे दलदल सुरू झाली. सीडरची झाडं इतकी दाट की ऊन खाली पोचत नव्हतं. ती थांबली. कुठे जावं कळेना.

आणि समोरून...

चर्र... चर्र... डावा पाय ओढत.

ती आवाजामागे गेली. समोरच्या बर्फावर कसलीही खूण नव्हती. सशाचीसुद्धा नाही. आवाज तेवढा पुढे पुढे चालला होता.

दलदलीच्या पोटात एक उंचवटा होता. आवाज तिथे पोचला आणि बंद झाला.

मावशीने मान वर करून बघितलं. अशी जागा तिने जन्मात पाहिली नव्हती. हरणांच्या दोन ताज्या वाटा अगदी समोर एकमेकींना मिळत होत्या. वारा तोंडावर. ऊन पाठीमागे. सोललेली खोडं डावी-उजवीकडे चमकत होती. आणि मधोमध, एका जुन्या हेमलॉकच्या झाडावर, फांद्यांत दडवलेलं मचाण.

त्यावर बसायच्या दोन फळ्या होत्या. शेजारी शेजारी.

मावशीला रडू फुटलं. "पुढल्या वर्षी बघतो" म्हणायचा ना? त्याने बघून ठेवली होती. तिच्यासाठी. दोघांसाठी. फक्त सांगायचं राहून गेलं त्याचं. न बोलणाऱ्या माणसाचं राहूनच जातं सगळं. तिने डोळे पुसले आणि शिडीला हात घातला.

फळ्या डोळ्यांसमोर आल्या तेव्हा ती थांबली.

दोन्ही गुळगुळीत होत्या.

एक नव्हे. दोन्ही. वर्षानुवर्षं बसून बसून झिजलेल्या, मध्ये खोलगट झालेल्या, पाटा झिजतो तशा.

ती तशीच खाली उतरली. खोडाला धरून उभी राहिली.

तेवढ्यात वर... फळी करकरली.

आणि वैकोकाका बोलायला लागला.

त्याचाच आवाज. हळू, जरासा घोगरा. पण मावशीने तो असा कधी ऐकलाच नव्हता, कारण तो थांबत नव्हता. बोलत होता. घरात जो माणूस एका दिवसाला तीन शब्द पुरवायचा, तो गडी गप्पा मारत होता. लहानपणी त्याच्याकडे एक लंगडा कुत्रा होता त्याच्याबद्दल. वडिलांच्या पट्ट्याबद्दल. खाणीत कामाच्या पहिल्या दिवशी, माणसांना खाली नेणाऱ्या लोखंडी पाळण्यातून तो घाबरून उतरेना, त्याबद्दल. मध्ये मध्ये तो थांबायचा. कुणीतरी काहीतरी विचारतंय आणि तो ऐकतोय, असा. मग हसायचा. आणि पुन्हा बोलायचा.

विचारणाऱ्याचा आवाज मात्र येत नव्हता.

मावशी ऐकत उभी होती. तो तिला माहीत नसलेला सगळा माणूस होता. तिच्याच ताटात जेवून गेलेला.

मग काका अगदी हळू आवाजात म्हणाला...

"मुलीचं नाव मी ठेवलं होतं. पुरताना."

थांबला.

मग त्याने ते नाव सांगितलं.

ते नाव मावशीने मला आजवर सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही.

कुणीतरी काहीतरी विचारलं असावं.

"नाही," काका म्हणाला. "हेल्वीला नाही सांगितलं. तिच्याशी काय बोलायचं?"

मावशीच्या तोंडून हाक निघून गेली.

"वैको."

वरचा आवाज तुटला.

मघापासून कुठेतरी चिवचिवणारे पक्षीसुद्धा गप्प झाले. ती शिडी चढून वर गेली. मचाण रिकामं होतं. फळ्यांच्या कडेला साचलेला बर्फ जागचा हललेलाही नव्हता. ती दुसऱ्या फळीवर बसली.

"मी आहे," ती म्हणाली. "बोल."

काही नाही.

"मला ऐकू आलंय सगळं. ते नाव पुन्हा एकदा सांग. तेवढंच सांग."

काही नाही. तंबाखूचा वास मात्र येत होता. तो तिथेच होता. बाजूच्या फळीवर. तिच्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ बसून गप्प होता.

ऊन कलेपर्यंत ती बसली. एक मोठा नर समोरून आला, उभा राहिला, तिच्याकडे बघून निघून गेला. तिने बंदूक उचलली नाही.

अंधार पडायच्या आत ती ओढ्यावर परतली, शिडी चढली, कोट घातला. थोड्याच वेळात खालून ताउनोचा आवाज आला.

"मानलं बाई तुला. सकाळपासून बघतोय, जागची हलली नाहीस. अगदी त्याच्यासारखी."

मावशी उतरली. तिचे ओठ निळे पडले होते.

"ताउनो, तुला हवीय ना ही जागा? घे."

"का?" त्याला संशय आला. "आत्ता तर जिंकलीस."

"मला थंडी सोसत नाही."

"चेष्टा करतेस का माझी?"

"नाही रे. तुझ्या भावाची जागा आहे. तुलाच शोभते."

ताउनो मरेपर्यंत त्या मचाणावर बसला. एक हरीण त्याला तिथे कधी दिसलं नाही. म्हणायचा, भाऊ जाताना सगळी हरणं सोबत घेऊन गेला. त्याच्या त्या तक्रारी मावशी ऐकून घ्यायची आणि त्याला अजून एक करंजी वाढायची. मला कधी कधी वाटतं, तिने त्याला खरं सांगायला हवं होतं. पण तिच्याही वाट्याला एवढं कडू आलं होतं, त्यातलं थोडं कुणाला तरी वाढावं असं तिला वाटलं असेल.

काकाशेजारी त्या दुसऱ्या फळीवर बसणारी बाई कोण होती, हे कधीच कळलं नाही. मावशीने मचाण, झाडाची मुळं, उंचवटा सगळं पालथं घातलं. एक केसाची पिन नाही, हातमोजा नाही. दलदलीतून बाहेर जाणारी दुसरी पायवाट नाही. आसपास एक घर नाही. चर्चमध्ये, दुकानात मावशी वर्षानुवर्षं प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत राहिली. सगळ्या तिला काकाबद्दल हळहळूनच भेटायच्या. शेवटी तिने बघणं सोडलं.

तिथे बसणारी बाईच होती का, हेसुद्धा मला ठाऊक नाही.

दरवर्षी पहिल्या दिवशी मावशी मात्र तिथे जात राहिली. दुसऱ्या फळीवर बसायची. तंबाखूचा वास यायचा. आणि तो गप्प असायचा. चार वर्षं, एक शब्द नाही. जिवंतपणी जसा होता तसाच.

पाचव्या वर्षी तिचा गुडघा गेला आणि शिडी चढवायला ती मला घेऊन गेली. वाटेत तिने हे सगळं मला सांगितलं, रडगाणं न गाता, बाजारातली भाववाढ सांगावी तसं. मी तेव्हा पंचविशीची. माझा विश्वास बसला नाही. मावशी एकटी पडलीय, डोक्यात काहीबाही येतं, असं मला वाटलं.

दुपारपर्यंत आम्ही बसलो. ती काकाच्या फळीवर, मी दुसरीवर. मला कसलाही वास आला नाही. दोनच्या सुमाराला एक नर आला आणि मावशीने या खेपेला गोळी झाडली. नर जखमी होऊन झाडीत पळाला.

"तू थांब इथेच," ती म्हणाली. "दोघी गेलो तर रक्ताचा माग तुडवला जाईल. मी हाक मारली की ये."

ती काठी टेकत उतरली. तिचा नारिंगी कोट झाडांतून दिसत राहिला... मग दिसेनासा झाला.

मी एकटीच होते.

बाजूची फळी करकरली.

ओली तंबाखू. अगदी नाकाशी.

मी मान वळवली नाही. वळवता आलीच नाही. आणि माझ्या कानाशी, हळू, घोगऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं...

"गेली का ती?"

मी उत्तर दिलं नाही. शपथेवर सांगते, माझ्या तोंडून आवाजसुद्धा फुटला नाही. ओठ हलले नाहीत.

पण तो क्षणभर थांबला. ऐकत असल्यासारखा.

मग हसला. समाधानाने.

त्या मचाणावर दुसरी जागा एकच होती, आणि तीवर मी बसले होते.

तो कुत्र्याची गोष्ट सांगायला लागला. मी शिडीवरून उतरले की पडले, आठवत नाही. मावशीने हाक मारायच्या आत मी तिच्याजवळ होते. "काय झालं गं?" म्हणाली. मी म्हटलं, थंडी वाजली.

मावशी आता चौऱ्याऐंशीची आहे. चढणं केव्हाच बंद झालं. तिच्या सांगण्यावरून त्या जागेवर दरवर्षी मी बसते, असं तिला वाटतं. मी गाडी रस्त्यावर उभी करते, दिवसभर आत बसून राहते आणि संध्याकाळी तिच्याकडे जाते. खोटं सांगायला मला आता काही वाटत नाही. पण पहाटे स्वयंपाकघरात बूट चढवताना, कधी कधी, मीच कुणाला तरी काहीतरी विचारायला तोंड उघडते... आणि ते काय होतं, हे मला आठवत नाही.

गेल्या नोव्हेंबरातही गेले होते तिच्याकडे. तिने कॉफी दिली. वेलदोड्याचा पाव कापला. खिडकीबाहेर बघत म्हणाली,

"तुला कधी काही ऐकू आलं का गं तिथे? खरं सांग."

"नाही मावशी."

"एक शब्दही नाही?"

"नाही."

तिने पावाची सुरी खाली ठेवली. मग तिचा चेहरा सैल झाला. गेल्या कित्येक वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे तुझ्याशीही बोलत नाही."

आणि तिने माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.